आधी ढ व्हायचं

३ फेब्रुवारी

प्रिय बटाट्या,

चाळिशी उलटलेल्या माणसाला या नावानं हाक मारू नये हे मला कळतं. पण वर्षभर तू माझा फोन उचलला नाहीस, तेव्हा चांगल्या नावावरचा तुझा हक्क गेला. आई म्हणाली, "फोन उचलत नाही ना, मग पत्र टाक. पत्र मध्येच कापता येत नाही." म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर. घर बदललंस ते कळलं, नवा पत्ता मात्र कुणाला दिला नाहीस.

बातमी अशी की मी क्रीडासंचालक झाले. म्हातारे संचालक एकदाचे निवृत्त झाले आणि माझ्या दारावरच्या पाटीतला 'उप' खरवडून काढला. अजून त्याचा डाग दिसतो. नेमणूक सध्या तात्पुरती आहे, कायम करायचं की नाही ते प्राचार्य मोसम संपल्यावर ठरवणार. खोली तीच, पलीकडे कपडे बदलायच्या खोलीतल्या ओल्या मोज्यांचा वास तोच, फक्त खुर्ची मोठी मिळाली आहे आणि तिच्यात पाठ जास्त दुखते.

पहिल्याच आठवड्यात प्रसिद्धी विभागातली एक मुलगी आली. "मॅडम, क्रीडासंचालक म्हणून तुमचे प्राधान्यक्रम काय?" मी म्हटलं, आधी खेळाडूची तब्येत, मग तिचा अभ्यास, मग जिंकणं. ती म्हणाली, "जिंकणं शेवटी?" मी म्हटलं, "हो, आणि तेही जमलं तर." शेवटचं वाक्य तिनं गाळलं आणि बाकीचं मोठ्या फलकावर छापून व्यायामशाळेबाहेर लावलं. शेजारी माझा फोटो, दात काढून हसणारा. हॉकीच्या मुलींनी दोन दिवसांत मला मिशा काढल्या. तू असतास तर पोट धरधरून हसला असतास.

फुटबॉल आता तुझा चेला बघतो. शिट्टी तुझ्यासारखी वाजवतो, ओरडतो तुझ्यासारखा, फक्त ओरडल्यावर माफी मागतो. आणि तुझी 'भिंत' अजून गोलमध्ये उभी आहे. उंच उडीच्या गादीवरून उचलून तू तिला गोलकीपर केलंस तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं, ते शब्द मागे घेते. आम्ही उपांत्य फेरीत आहोत, तिकडे तुम्हीही आहात असं ऐकते. दोघं जिंकलो तर अंतिम सामना बहीण विरुद्ध भाऊ. आई म्हणते, ती कुणासाठीच टाळ्या वाजवणार नाही.

जुनं उकरून काढायचं नाही असं ठरवून बसले होते, पण राहवत नाही. तुझ्या फुटबॉलचं दिव्यांचं मैदान मी आठवड्यातून दोन संध्याकाळी धावणाऱ्या मुलींना दिलं म्हणून तू इथली नोकरी सोडलीस. "सगळे खेळ सारखे म्हणणारीला एकही खेळ कळत नाही." हे एकच वाक्य त्या बैठकीत तू चार वेळा म्हणालास. एकदा म्हटलं असतंस तरी लागलं असतं रे. मग माझ्या लेकीचा पदवी समारंभ. "निघालोच आहे" म्हणून फोन केलास, आम्ही शेवटपर्यंत मामाची खुर्ची अडवून बसलो. आणि आईला पाठवलेला तो राखाडी स्वेटर, दोन महिन्यांत तोच, तसाच, पुन्हा. आई म्हणाली, "टोमणा आहे. पहिला घातला नाही असं वाटलं असेल त्याला." आता ती दोन्ही आलटून पालटून घालते, तुझ्या नाकावर टिच्चून.

एक ओळ तरी पाठव.

तुझी (नाइलाजानं),
ताई

१८ फेब्रुवारी

बटाट्या,

जिंकलो. तुम्हीही जिंकलात, अभिनंदन. आठवड्यानं समोरासमोर.

पण लिहायचं वेगळंच आहे. सामना संपत आला असताना भिंत खाली झेपावली आणि समोरून धावत आलेल्या पोरीचा गुडघा तिच्या कानाच्या वर बसला. तो आवाज मला बाकावर ऐकू आला. ती उठली, पंचानं विचारलं, तिनं अंगठा दाखवला. तुझ्या चेल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी घड्याळाकडे. थोडाच वेळ उरला होता. फलकावर माझाच फोटो आहे हे तेव्हा आठवलं नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, "आपण जिंकलो का?" सगळ्या पोरी किंचाळल्या, पाण्याच्या बाटल्या बडवल्या. ती मूळची नाटकी, तुला माहीतच आहे. थोड्या वेळानं पुन्हा तेच, पुन्हा हशा. मीही हसले. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, आपण जिंकलो का?" तेव्हा मी गाडीतूनच डॉक्टरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या डॉक्टरांनी तिची चाचणी घेतली. मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांची घेतात तीच. पाच शब्द सांगायचे, जरा वेळानं परत विचारायचे, महिने उलटे म्हणायला लावायचे, डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. डोक्याला मार लागला की पुन्हा तीच चाचणी, आणि आकडा पहिल्याइतका आला की पोरगी खेळायला मोकळी. भिंतीला पाचातले दोन शब्द आठवले. सुरुवातीलाही दोनच आठवले होते. "जशी होती तशीच आहे," डॉक्टर म्हणाले आणि सही करून टाकली.

कागदाप्रमाणे सगळं ठीक आहे. पण माझं मन खात आहे. समोरच्या संघातली कोण कुठल्या कोपऱ्यात पेनल्टी मारते ते जिला वर्षानुवर्षांचं पाठ, तिला मोसमाच्या सुरुवातीला, धडधाकट असताना, 'साबण' आणि 'घोडा' आठवू नये? तू तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. ती अशी विसरभोळी होती का? एवढंच कळव. बाकी भांडण नंतर करू.

ताई

२१ फेब्रुवारी

तू उत्तर दिलं नाहीस. आता त्याची गरजही उरली नाही.

मी अख्ख्या संघाच्या चाचण्या मागवल्या. सुरुवातीला सगळ्यांचे आकडे वाईट. गणितात पहिली येणारी ढ, वाद-विवादात बक्षिसं मिळवणारी ढ. एका पायावर उभं राहायला सांगितलं तर जिम्नॅस्टिक्स सोडून आलेली पोरगीसुद्धा लडखडते. सगळा संघच ढ कसा निघाला? कप्तानाला खोलीत बोलावलं, चहा पाजला आणि गप्प बसून राहिले. गप्प बसलं की ही मुलं बोलतात.

"मॅडम, आधी ढ व्हायचं असतं," ती म्हणाली. "सुरुवातीलाच मुद्दाम चुकायचं. मग मार लागला तरी आकडा पडत नाही. कुणी बाहेर बसवत नाही."

"सगळ्या करतात हे?"

"नव्या पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवतो. बूट बांधायला शिकवतो तसंच."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

तिनं मान खाली घातली. "सरांनी. सर म्हणायचे, मी सगळी वर्षं असाच खेळलो. मला काय झालं?"

बटाट्या, माझ्या हातातला कप मी टेबलावर आपटला. चिडले होते मी. अजून चिडलेलीच आहे, हे पत्र लिहिताना दात आवळून बसले आहे. दुसऱ्याच्या लेकी होत्या रे त्या! तुझ्या डोक्याचं तू काय करायचं ते कर, पण विश्वासानं तुझ्या हाती दिलेल्या पोरींच्या डोक्याशी खेळायला तुला कुणी सांगितलं? आणि मला हेही ठाऊक आहे की तू ते प्रेमानं केलंस. तुला एकदा डॉक्टरांनी बाहेर बसवलं होतं, निवड चाचणीच्या दिवशी, आणि तू आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपला होतास. ते या पोरींच्या वाट्याला येऊ नये, एवढंच तुझं म्हणणं असणार. म्हणूनच मला जास्त राग येतो. दुष्टपणानं केलं असतंस तर तुला सरळ शिव्या घालून मोकळी झाले असते.

आता काम सांगते. कप्तान डॉक्टरांसमोर तोंड उघडायला तयार नाही, संघ तिला वाळीत टाकेल. डॉक्टर म्हणतात, पुरावा नसताना सही कशी मागे घेऊ? तेव्हा तू आमच्या डॉक्टरांना एक ओळ लिही: या चाचण्या खोट्या आहेत, मीच शिकवलं. तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला कळतं. आणि समोरच्या संघाची गोलकीपर बाहेर बसावी म्हणून तू हे केलंस असंही लोक म्हणतील. तरी मागते आहे. तुझ्याकडे याआधी मी काही मागितलेलं मला आठवत नाही.

ताई

२५ फेब्रुवारी

तुझी ओळ आली नाही. उद्या सामना आहे.

प्राचार्यांनी सकाळी बोलावलं. विश्वस्त येणार, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडून झाल्या, कॉलेज पहिल्यांदा अंतिम फेरीत. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, "डॉक्टरांची सही आहे ना? मग तुम्हाला काय डॉक्टर व्हायचंय?" आणि मी उठता उठता, अगदी सहज, "तुमच्या नेमणुकीचंही या महिन्यात बघायचंय." धमकी नव्हती ती, माणूस तसा सज्जन आहे. फक्त आठवण करून दिली.

तुझा चेला रडवेला झालाय. दुसरी गोलकीपर म्हणजे आमची 'छत्री'. चेंडू जोरात आला की उलटी होते म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव. ती स्वतःच म्हणते, "मॅडम, मला उभं केलंत तर गोल मोजायला दोन माणसं ठेवा."

दुपारी भिंत आली. दारातच थांबली आणि म्हणाली, दिवा बंद कराल का, डोळ्यांना टोचतो. अंधारलेल्या खोलीत आम्ही दोघी बसलो. ती म्हणाली, "मॅडम, ही एकच. पुढच्या वर्षी मी इथे नसणार." मी म्हटलं, एक काम करू. मी तुला पाच शब्द सांगते. मुद्दाम चुकायचं नाही, मी कुठे लिहिणार नाही, कुणाला सांगणार नाही. ती तयार झाली, अगदी आनंदानं, पैज जिंकायला निघाल्यासारखी. खिडकी, लिंबू, दोरी, टोपी, पूल. मग आम्ही तिच्या परीक्षेबद्दल बोललो, तिच्या धाकट्या बहिणीबद्दल बोललो. मग मी विचारलं.

"खिडकी," ती म्हणाली. मग डोळे मिटले. मुठी आवळल्या. "खिडकी... टोपी." तिचे ओठ हलत होते आणि काही बाहेर येत नव्हतं. मग ती रडायलाच लागली. "मॅडम, मी मुद्दाम नाही केलं हो. खरंच आठवायला गेले."

मी तिला सांगितलं, तू उद्या खेळणार नाहीस. आधी हात जोडले तिनं, मग संतापली. दाराशी जाऊन म्हणाली, "बाहेर तुमचा फोटो लावलाय ना, म्हणून करताय हे. फलक खोटा पडू नये म्हणून." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. खरंच तसं असेल का? त्या दिवशी मी घड्याळाकडे पाहिलं नसतं तर आज इतकी ठाम झाले असते का? पण खेळाडूंच्या यादीतून तिचं नाव काढलं आहे आणि खाली सही माझी आहे. डॉक्टरांची सही त्यांच्यापाशी.

हे पत्र आजच शिपायाच्या हाती पाठवते. तू जिंकशील उद्या. आई येणार आहे. तोंड लपवून पळू नकोस, निदान तिला भेट.

ताई

२७ फेब्रुवारी

माझ्या बटाट्या,

हे पत्र मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे आणि काल काय काय झालं ते क्रमानं सांगते आहे. तू तिथे होतास. तरी सांगते.

सामन्याआधी तू मैदान ओलांडून सरळ माझ्याकडे आलास. मी मनात भांडण जुळवून तयार होते. तू हसलास, मान किंचित तिरकी करून, लहानपणी करायचास तशी, आणि म्हणालास, "ताई, आई कशी आहे?" माझं सगळं भांडण विरघळलं. मी म्हटलं, ती बघ वर बसली आहे, तुझाच स्वेटर घालून. तू हात हलवलास. आईनं आधी न पाहिल्यासारखं केलं, मग दोन्ही हात हलवले.

मध्यंतरात तू परत आलास. तीच मान, तेच हसू. "ताई, आई कशी आहे?" मला वाटलं चिडवतोयस. मी म्हटलं, मघापासून काही बिघडलं नाही तिचं. मग तू आमच्या गोलकडे बघून म्हणालास, "भिंत कुठाय? ती का नाही?"

"पत्रात लिहिलं होतं ना."

"कुठली पत्रं?"

बिनदिक्कत खोटं बोलतोय, असं वाटून मी तोंड फिरवलं. तेव्हा मला तुझा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत पेनानं लिहिलेलं होतं, प्रत्येक खेळाडूचं नाव आणि जागा. आणि सामना पुन्हा सुरू झाल्यावर मी चेंडूकडे पाहिलंच नाही, तुझ्याकडे पाहत राहिले. बाकावरची एक पोरगी, पायाला पट्टी बांधलेली, सारखी तुझ्या अर्धं पाऊल मागे उभी होती. ती पुटपुटायची आणि मग तू ओरडायचास.

तुम्ही चार गोल केले, आमचा शून्य. छत्रीनं एक अडवला, तोंडानं, डोळे मिटून, आणि अख्खं मैदान उभं राहिलं. भिंत काळा चष्मा लावून बाकावर बसून होती, तीसुद्धा तेवढी एकदा हसली. मग चषक हातात घेऊन तू आलास. "ताई! आई कशी आहे गं?"

मी तुला पायरीवर बसवलं. तुझ्यामागची ती पोरगी जागची हलेना. मी तिला विचारलं, पत्रं मिळाली नाहीत का याला? ती म्हणाली, "मिळाली ना. सरांच्या टेबलावरच आहेत. सर रोज वाचतात." मग तुझ्याकडे बघून हळूच, "रोज नवीन आल्यासारखी. उत्तर लिहायला बसतात, मग कशासाठी बसलो तेच..." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काळजी करू नका मॅडम. आम्ही सगळ्या सांभाळून घेतो. कॉलेजात कुणाला कळू दिलेलं नाही." केवढ्या अभिमानानं सांगत होती! तुझ्याकडूनच शिकल्या त्या.

तू म्हणालास, भाचीच्या समारंभात आपण पुढच्या रांगेत बसलो होतो नाही का, छान झाला. ती खुर्ची रिकामी होती रे. आम्ही सगळ्यांनी तुला वर्षभर शिव्या घातल्या.

मग मी ते केलं. खिडकी, लिंबू, दोरी, टोपी, पूल. तू लगेच ओळखलंस, हसलास. आपण आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो. मग मी विचारलं. तू आकाशाकडे पाहिलंस, मैदानाकडे पाहिलंस, हातावर लिहिलेल्या नावांकडे पाहिलंस. आणि म्हणालास, "मुद्दाम चुकतोय गं. आधी ढ व्हायचं, जुनी सवय." आणि मी हसले. गाडीत त्या पोरींबरोबर हसले होते तशीच हसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. तू मात्र हसत नव्हतास. माझी बाही धरून बसला होतास.

घरी येताना आईला सगळं सांगितलं. ती अंगातल्या स्वेटरची बाही चाचपत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दुसरा स्वेटर टोमणा नव्हता." आणि पदरात तोंड खुपसून रडली.

आता पुढचं नीट वाच. गुरुवारी सकाळी मी आणि आई तुझ्याकडे येतोय. तुझ्या पायपट्टीवाल्या पोरीकडून घरचा पत्ता घेतला आहे, ती दार उघडायला तिथे असेल. दुपारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. तिथे एकही उत्तर मुद्दाम चुकायचं नाही आणि एकही झाकायचं नाही. भिंतीलाही आज सकाळी त्यांनाच दाखवलं. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, वाचायचं नाही, बरी होईल बहुतेक, असं म्हणाले. 'बहुतेक' हा शब्द मी तिच्या आईला सांगितला नाही. भिंत माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

प्राचार्यांनी सोमवारी बोलावलं आहे. ते नेमणुकीचं बोलायच्या आत मी गुरुवारची रजा मागणार आहे, आणि गुरुवारनंतरचीही, लागेल तेवढी. मग त्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे.

हे पत्र टेबलावर ठेवू नकोस, दारावर चिकटव. तू रोज वाचणार, आणि रोज तुला तोच प्रश्न पडणार, म्हणून उत्तर इथेच लिहून ठेवते. तरी फोन करून विचारावंसं वाटलं तर विचार, दिवसात कितीही वेळा. मी चिडणार नाही.

आई बरी आहे.

तुझी,
ताई